रेषेआधीचं पाहणं

मराठी वाचकाला कथेसोबत चित्र पाहण्याची सवय जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची प्रथा रुजली. पुढच्या काळात कथाचित्र हा या अंकांचा अविभाज्य भाग झाला. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, वसंत सरवटे यांची नावं वाचकांना लेखकांच्या नावांइतकीच पाठ होती. कोपऱ्यातली सही झाकली तरी रेषेवरून चित्रकार ओळखणारे वाचक घरोघरी असत. एवढं प्रेम करूनही आपण या चित्रकारांचं काम पाहिलं ते छापून आलेलं, शेवटचं. त्या चित्रापर्यंत पोचण्याआधी त्यांनी किती कागद भरले, काय खोडलं, कुठली कल्पना सोडून दिली, हे आपल्यापर्यंत आलं नाही. रेखाटनांच्या वह्या चित्रकाराच्या घरी राहिल्या आणि पुढे त्यातल्या कित्येक माळ्यावरून रद्दीत गेल्या.

प्रस्तुत पुस्तक ही उणीव एका नव्या चित्रकाराच्या कामापुरती भरून काढतं. पंचविशीतल्या या मुलीने गेल्या काही वर्षांतली आपली रंगचित्रं, कथाचित्रं आणि त्यांच्यामागची कच्ची रेखाटनं एकत्र ठेवली आहेत. तिचं नाव मुखपृष्ठावर ठळक छापलेलं आहे. या मजकुरात मी तिचा उल्लेख 'चित्रकार' असाच करणार आहे, कारण या वयाच्या कलावंताला ओळख करून देताना आपण 'होतकरू', 'हौशी', 'नवोदित' अशी विशेषणं लावतो आणि मुख्य शब्द मागे पडतो. तिचं काम पाहिल्यावर मला विशेषणाची गरज वाटली नाही.

दिवाळी अंकाच्या संपादनात माझी बरीच वर्षं गेली. कथा निवडायची, चित्रकाराकडे पाठवायची, चित्र आलं की पानावर बसवायचं, हा माझा उद्योग. या काळात माझं एक मत पक्कं होत गेलं आणि या पुस्तकाने त्याला भरभक्कम पुरावा दिला. कथाचित्रकाराची खरी ताकद त्याच्या पाहण्यात असते. हात सरावाने तयार होतो, शैली काही वर्षांत आपोआप जमते. पण पानावर माणूस जिवंत होतो तो चित्रकाराने आधी कुठेतरी खराखुरा माणूस नीट पाहून ठेवलेला असतो म्हणून.

पुस्तकाचा पहिला भाग लोकलमधल्या रेखाटनांचा आहे. चित्रकार डोंबिवलीची. उपयोजित कलेचं शिक्षण घेताना रोज मुंबईला जायची, आणि लेडीज डब्यात उभं राहायला मिळालं तरी वही काढायची. पेन्सिल किंवा साधं बॉलपेन. गाडी हलते, त्यामुळे रेघही हलते. तिने ती नंतर गुळगुळीत केलेली नाही. मेथी निवडणाऱ्या बायका आहेत, क्लिपा आणि कानातली विकणारी मुलगी आहे, खिडकीच्या गजांना डोकं टेकून झोपलेली नर्स आहे. झोपेतही तिचा एक हात डब्याच्या पिशवीच्या बंदात अडकवलेला आहे.

या भागातलं मला सर्वांत आवडलेलं पान चौथ्या सीटचं आहे. तिघींच्या बाकावर चौथी बसते तेव्हा तिचं अर्धं अंग बाहेर असतं, हे मुंबईच्या प्रवाशांना सांगायला नको. चित्रकाराने एकाच पानावर अशा सहा बायका काढल्या आहेत. चेहरे जेमतेम सुचवले आहेत. सगळं लक्ष आहे ते पायांवर आणि पाठीवर. बाहेरचा पाय वाटेत रोवलेला, टाच किंचित उचललेली. कंबर आतल्या बाजूला वळलेली. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरलेली, जणू तीच आधार आहे. शरीराचा सगळा भार एका तळव्यावर आलेला आहे आणि तरी चेहऱ्यावर 'मी बसले आहे' असं समाधान आहे. पानाच्या कडेला तिने बारीक अक्षरात टीप लिहिली आहे: 'खांदा पाहायचा. शेजारणीला लागू नये म्हणून आवळलेला.'

आता पुस्तकाच्या तिसऱ्या भागातलं एक कथाचित्र पाहा. कथेतली बाई नवऱ्याच्या पश्चात नोकरी मागायला एका मोठ्या माणसाच्या घरी गेली आहे. लेखकाने लिहिलं आहे ते इतकंच, की ती खुर्चीवर बसली. चित्रकाराने तिला प्रशस्त, हात असलेल्या खुर्चीत बसवलं आहे, पण खुर्चीच्या अगदी कडेला. एक पाय पुढे रोवलेला, टाच उचललेली, खांदा आवळलेला. आजूबाजूला कुणी दाटी केलेली नसताना ती चौथ्या सीटवर बसल्यासारखी बसली आहे. मोकळ्या खुर्चीत तिला जागा पुरत नाही, यातच तिची सगळी अडचण आली. ही बसण्याची तऱ्हा कल्पनेतून आलेली नाही. डोंबिवली ते मुंबई या प्रवासात ती वहीत जमा झाली आणि दोन वर्षांनी कथेला हवी तेव्हा बाहेर आली. ही दोन पानं शेजारी ठेवून पाहायला मिळतात, हे या पुस्तकाचं पहिलं मोल.

आपल्या परंपरेतल्या थोर मंडळींचं काम याच वाटेने झालेलं दिसतं. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली कोल्हापूरहून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले आणि पुढची चार दशकं त्या संस्थेत रमले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आत्मकथनाचं नाव त्याच काळाचं आहे. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रांसाठी ते प्रसिद्ध आहेत, पण मुंबईच्या रस्त्यांवरची माणसं त्यांनी ज्या बारकाईने टिपली, त्या कामाची थोरवीही तेवढीच. एस. एम. एडवर्ड्‌स यांच्या १९१२ सालच्या मुंबईविषयक पुस्तकात आणि ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या १९२०च्या पुस्तकात ही नजर दिसते. लुगडं नेसण्याच्या पद्धती, डोक्यावर ओझं घेतल्यावर मानेला येणारा ताठा, कामकरी बाईची चाल, हे सारं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कागदावर येत नाही.

दुसरं उदाहरण गोव्याच्या मारियो मिरांडा यांचं. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी ते चित्ररूपात रोजनिशी लिहीत होते. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्यांच्या रोजनिशा पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. लोटलीचं घर, गावातली माणसं, मुंबईतले दिवस, मित्रमंडळी, मेजवान्या हे सगळं त्यात आहे. तेव्हा ते कुणी प्रसिद्ध व्यंगचित्रकार नव्हते. नंतरच्या त्यांच्या चित्रांत पानभर गर्दी असते आणि त्या गर्दीतला एकही माणूस फुकट उभा नसतो. ती गर्दी कुठून आली, याचं उत्तर या रोजनिशांत आहे. मारियोंच्या बाबतीत हा साठा वाचकांसमोर यायला अनेक दशकं लागली. आपल्या चित्रकाराने तो आताच खुला केला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. गवयाचा रियाज ऐकायला मिळाला की मैफलीतली जागा जास्त कळते, तसं इथे झालं आहे.

रेषेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जुन्या मराठी मासिकांतली कथाचित्रं बहुतेक काळ्या रेषेतली असत, त्याला आवडीइतकंच छपाईचंही कारण होतं. तेव्हा चित्र छापण्यासाठी जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेला ब्लॉक करावा लागे. लाइन ब्लॉकला काळं आणि पांढरं एवढंच समजे. मधली करडी छटा त्याला पकडता येत नसे. छटेसाठी हाफटोन ब्लॉक लागे, आणि तो खुलायला गुळगुळीत कागद हवा. मासिकाच्या आतल्या साध्या, खरबरीत कागदावर तो भरून येई आणि चित्राचा चिखल होई. म्हणून सावली दाखवायची तर जवळजवळ रेघा ओढायच्या, ठिपके द्यायचे किंवा थेट काळा भराव टाकायचा. चित्र छापायच्या आकारापेक्षा मोठं काढलं जाई आणि ब्लॉक करताना लहान केलं जाई. लहान झाल्यावर कुठल्या दोन रेघा एकमेकींना चिकटतील, याचा अंदाज हाताला असावा लागे. या अडचणीतून मराठी कथाचित्राची एक नेटकी, बोलकी रेषा तयार झाली. दलालांनी मोजक्या रेषांत उभी केलेली माणसं पाहिली की कमी साधनांत किती सांगता येतं ते कळतं. सरवटे तर व्यवसायाने अभियंता. त्यांच्या रेषेला शोभेचा सोस नाही. मध्यमवर्गीय माणसाचं उभं राहणं, ओशाळणं, ऐटीत येणं ती अचूक पकडते.

आज ऑफसेटवर आणि पडद्यावर वाटेल ती छटा उमटते. छपाईने घातलेली मर्यादा गेली, आता मर्यादा चित्रकाराने स्वतः घालून घ्यायची आहे. आपली चित्रकार दोन्हीकडे काम करते. वहीत पेन्सिल आणि शाई, घरी जलरंग, आणि छापायच्या कामासाठी टॅब्लेट. टॅब्लेटवर चुकलेली रेघ क्षणात मागे घेता येते, थरावर थर चढवता येतात, रंग शंभरदा बदलता येतो. वेळेत काम द्यायचं तर ही सोय मोलाची आहे आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. मात्र या पुस्तकातली टॅब्लेटवरची काही चित्रं मला जास्त घोटलेली वाटली. पावसाळी घाटाच्या मालिकेत धुकं इतकं मऊसूत उतरलं आहे की डोंगराचा खडक हरवतो. त्याच घाटाची कागदावरची जलरंगातली दोन चित्रं पाहा. एकात रंग ओला असताना दुसरा रंग टाकल्यामुळे झाडीची कड फुटली आहे, ती तशीच ठेवली आहे आणि पाऊस तिथे खरा पडतो आहे. कागदाने दिलेला हा धडा तिने पडद्यावर न्यावा, अशी माझी सूचना आहे. दुसरी सूचना तरुण नायक-नायिकांच्या चेहऱ्यांबद्दल. तिचे म्हातारे, मुलं, कामकरी माणसं एकेक वेगळी आहेत. तरुण चेहरे मात्र एकमेकांची भावंडं वाटतात. ज्या चेहऱ्यांना सुंदर करायचा मोह होतो, तिथेच पाहणं कमी पडतं. तिच्याच लोकलच्या वहीत याच्यावरचं औषध आहे.

कथाचित्रात पाहण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे निवड. कथेत शंभर क्षण असतात, चित्र एकाचं काढायचं असतं. शेवट फोडायचा नाही, लेखकाने जे रंगवून सांगितलं तेच पुन्हा रंगवायचं नाही, आणि तरी वाचक त्या पानावर थांबला पाहिजे. चित्रकार हा कथेचा अगदी सुरुवातीचा वाचक असतो आणि त्याचं वाचन पुढच्या सगळ्या वाचकांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. चौथ्या भागात एका कथेची सगळी कच्ची रेखाटनं क्रमाने दिली आहेत, ती सावकाश पाहावीत.

कथा साधी आहे. गावातला मुलगा शिकायला वसतिगृहात जाणार आहे. पहिल्या रेखाटनात एसटी निघाली आहे, आई हात हलवते आहे. हे कुणालाही सुचलं असतं, आणि चित्रकाराने त्यावर फुली मारली आहे. दुसऱ्यात घरातली आवराआवर आहे: चादर, ताट-वाटी, लाडवांचा डबा. रेखाटन छान आहे, पण माणसं पाठमोरी आणि वस्तूच जास्त. तिसऱ्यात तिने कथेतलं एक ओझरतं वाक्य पकडलं. वडिलांनी पत्र्याच्या ट्रंकेवर मुलाचं नाव घातलं, असं लेखक सांगतो आणि पुढे जातो. चित्रकार तिथे थांबली. छापलेल्या चित्रात वडील उकिडवे बसून पांढऱ्या रंगाने ट्रंकेवर अक्षरं काढताहेत आणि मुलगा रंगाचा डबा धरून उभा आहे. अक्षरं सुरुवातीला मोठी, दणकट आहेत. ट्रंकेची कड जवळ येते तशी ती बारीक होत गेली आहेत, आणि आडनाव कसंबसं कोंबून बसवलं आहे. कथेत याचा उल्लेख नाही. पण या माणसाला लिहिण्याची सवय नाही, त्याने हे काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही, आणि मुलाचं पूर्ण नाव ट्रंकेवर यायलाच हवं होतं, या तीनही गोष्टी त्या आकसत गेलेल्या अक्षरांनी सांगितल्या आहेत. लेखकाच्या एका वाक्याला चित्रकाराने घातलेली ही भर आहे. ती घालायला अक्षरांच्या जागेचा अंदाज चुकलेला तिने कुठेतरी पाहिलेला असावा लागतो.

आपल्या शाळांतल्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्र हा विषय असतो. पुष्कळ मुलं त्यासाठी जत्रा, बाजार, बागेतला प्रसंग असे ठरावीक देखावे घोटून जातात. माणसंही तीच, झाडंही तीच. त्या विषयाचा खरा हेतू स्मरणात भर घालण्याचा आहे. शिक्षकांनी हे पुस्तक वर्गात न्यावं आणि मुलांना शाळेबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी वही घेऊन उभं करावं. तेल निथळवताना झाऱ्या कसा धरतात, पावात चटणी भरताना अंगठा कुठे असतो, हे एकदा काढलं की घोटीव देखाव्याची गरज राहत नाही.

याच जागी एका सध्याच्या प्रश्नाला हात घालायला हवा. शब्द टाइप केले की संगणक चित्र तयार करून देतो, आणि खर्च वाचवायला काही ठिकाणी अशी चित्रं छापलीही जात आहेत. ती झटपट होतात, चकचकीत असतात. पण ट्रंकेवरची अक्षरं बारीक व्हायला हवीत, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आणि ते ठरवायला त्या कथेतल्या बापाबद्दल मनात काहीतरी असावं लागतं. संपादकाने चित्रकाराला मोबदला द्यायचा तो या ठरवण्याचा. हे पुस्तक ते ठरवणं पानोपान उघड करून दाखवतं, म्हणून ते आज येणं फार वेळेवरचं आहे.

मोबदल्याचा विषय निघाला आहे तर त्याचं व्यवहारी अंगही मांडतो. हा व्यवसाय सुरू करणाऱ्या मुलामुलींना त्याबद्दल कुणी सांगत नाही. भारताच्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला हक्कदार सर्वसाधारणपणे तिचा निर्माता असतो. मात्र नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाला अपवाद आहे, आणि कुणी पैसे देऊन खास काढून घेतलेल्या रंगचित्राच्या बाबतीत, वेगळा करार नसेल तर, हक्क काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून काम घेताना दोन ओळींचा का होईना, लेखी करार करावा. चित्र कशासाठी, किती वेळा, कुठल्या माध्यमात वापरणार आणि मूळ प्रत कुणाकडे राहणार, हे त्यात असावं. हक्क विकला तरी 'हे चित्र माझं आहे' असं सांगण्याचा निर्मात्याचा अधिकार कायद्याने शाबूत ठेवला आहे. आपल्या चित्रकाराचं एक चित्र दिवाळी अंकात आलं आणि वर्षभराने तेच एका जाहिरातीत, तिला न विचारता, सही कापून वापरलं गेलं. ते मूळ चित्र आणि त्याची तारखेसह रेखाटनं तिने या पुस्तकात छापली आहेत. चित्र कुणाचं, हे सिद्ध करायला वहीसारखा साक्षीदार नाही.

संपादक-प्रकाशकांनाही माझी विनंती आहे. चित्रकाराला संपूर्ण कथा वाचायला द्या. चार ओळींचा सारांश देऊन त्याच्याकडून निवड होणार नाही. अंक छपाईला जायच्या आदल्या आठवड्यात कथा पाठवू नका. कच्च्या रेखाटनांवर बोला, त्यांचेही पैसे द्या. कथेच्या शीर्षकाखाली लेखकाचं नाव येतं, त्याच पानावर वाचता येईल अशा टाइपात चित्रकाराचं नाव येऊ द्या. काम झाल्यावर मूळ चित्र परत करा, आणि ज्या जुन्या अंकांची मूळ चित्रं कार्यालयात पडून असतील ती एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा कलासंस्थेच्या स्वाधीन करा. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आता संगणकावर पाहायला मिळतात, आणि त्यातली चित्रं नवी मुलं अभ्यासतात. इतर मासिकांनीही हा कित्ता गिरवण्यासारखा आहे.

हे पुस्तक एका चित्रकाराच्या सुरुवातीच्या वर्षांचं आहे. यातली काही रेखाटनं कच्ची आहेत, काही रंगचित्रं पुढे तिला स्वतःलाच बदलावीशी वाटतील. तरीही ती तिने आत्ताच दाखवली हे योग्य झालं. तिच्या वयाची मुलं पक्क्या चित्रांकडे पाहून खचतात, कारण तिथवर जाणारा रस्ता त्यांना कुणी दाखवलेला नसतो. तो इथे खोडाखोडीसकट दिसतो. वाचकाने पानं उलटताना आधी रेखाटन पाहावं, मग चित्र, आणि दोहोंमध्ये काय गळलं, काय आलं याचा शोध घ्यावा. असं एक पुस्तक पाहून झालं की पुढच्या दिवाळी अंकातली चित्रं नुसती चाळून होणार नाहीत. चित्र आवडलं तर चित्रकाराचं नाव शोधा. ते छापलेलं नसेल तर संपादकाला पत्र लिहून विचारा. वाचकांची अशी पत्रं येऊ लागली की नाव छापावंच लागतं, हे मी संपादकाच्या खुर्चीत बसलेला असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो.